जरा कॅमेरा फिरवा

"जरा कॅमेरा फिरवा मॅडम. खोली दिसू दे."

रविवार होता. सकाळचे अकरा वाजून गेले होते. लॅपटॉपच्या पडद्यावर चाळीसेक चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एकेक माणूस मला बघत बसलेला. बोलणारे होते ग्रुपचे ॲडमिन. हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचे. त्यांच्या पाठीमागचं सगळं अंधुक केलेलं होतं. भिंत आहे की कपाट, काही कळत नव्हतं. ते स्वतः मात्र स्वच्छ दिसत होते.

"कशाला?" मी विचारलं.

"गैरसमज करून घेऊ नका. शेजारी बसून कुणी सांगत नाहीये ना, एवढंच बघायचंय. नियम आहे."

असा नियम आधी नव्हता. त्याच आठवड्यात, माझ्यासाठी केला होता. मला ते माहीत होतं. तरी मी लॅपटॉप उचलला आणि फिरवला.

आमची खोली फिरवून दाखवायला वेळ लागत नाही. पिंपरीत, रेल्वेलाइनच्या अलीकडे, दीड खोली. ओटा दिसला, त्यावरचा कुकर दिसला. दोरीवरचे कपडे दिसले. भिंतीवरची निळ्या कोटातली तसबीर दिसली, तिला एप्रिलातला हार अजून तसाच होता. आणि कॉटवर माझे वडील दिसले. आबा. बनियन आणि लुंगीत बसलेले.

आबांना वाटलं, साहेब लोक बघतायत. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

आबांची सगळी नोकरी फाउंड्रीत गेली, लोखंडाचा रस साच्यात ओतायच्या कामावर. साहेब राउंडला आला की उभं राहायचं, ही सवय तिथली. रिटायर होऊन जमाना झाला, तरी त्या दिवशी ते लॅपटॉपसमोर उभे राहिले. चाळीस चौकोनांतल्या एकानंही उलट हात जोडले नाहीत. बाजूच्या चॅटच्या पट्टीत कुणीतरी लिहिलं, "अच्छा. आता कळलं." त्याखाली एक हसरा चेहरा आला. मग आणखी तीन.

काय कळलं, ते कुणी लिहिलं नाही. मला मात्र बरोबर कळलं होतं.

हे कशावरून झालं ते सांगते. आयटीआय करून मी चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागले. काम पॅनेल वायरिंगचं. तिथे प्रत्येक लाइनशेजारी एक कॉम्प्युटर असतो, तो मशिनींची माहिती गोळा करतो. तो बंद पडला की लाइन बंद. वरच्या मजल्यावरचे आयटीवाले खाली यायला दोन तास लावायचे, आणि शिव्या आम्ही खायचो. म्हणून मी शिकले. कुणी शिकवलं नाही. भंगारात निघालेला एक कॉम्प्युटर साहेबांकडून मागून घेतला, घरी आणला, शंभर वेळा बिघडवला आणि शंभर वेळा उभा केला. इंग्रजी कळायचं नाही, तर शब्द वहीत लिहून घ्यायचे. सात वर्षं गेली त्यात.

त्या ग्रुपमध्ये मी गेले ते वाचायला. सर्व्हर सांभाळणाऱ्या मराठी लोकांचा ग्रुप. पुण्यातले, बंगळुरातले, परदेशातले. एकदा एकानं विचारलं, की कॉम्प्युटरची डिस्क भरलीये, फाइली पुसल्या तरी जागा रिकामी होईना. मोठमोठ्या माणसांनी मोठमोठी उत्तरं दिली. मी चार ओळी लिहिल्या. फाइल पुसलीत खरी, पण जो प्रोग्रॅम चालू आहे त्यानं ती अजून धरून ठेवली आहे. भाडेकरू गेला, पण खोलीला कुलूप त्याचंच आहे, तसं. तो प्रोग्रॅम बंद करून चालू करा, जागा सुटेल.

विचारणाऱ्यानं करून पाहिलं. जागा सुटली. तो आभार मानून मोकळा झाला, आणि मी अडकले.

"मॅडम, तुमचा अनुभव?" ॲडमिननं विचारलं. मी लिहिलं, सात वर्षं हेच काम करते, चाकणला. माझा दावा म्हणाल तर एवढाच होता. त्यावर अडीचशे मेसेज पडले. मी ते कंपनीच्या बसमध्ये वाचले. मोशीच्या चौकात बस अडकली होती आणि मी अंगठ्यानं वर सरकवत होते. कॉलेज कुठलं? आयटीआय? आयटीआयवाली सर्व्हर सांभाळते? हे एआयनं लिहून दिलेलं आहे, भाषेवरूनच कळतं. नवरा आयटीत असेल. भाऊ असेल. हल्ली कुणीही उठतं आणि तज्ज्ञ होतं. एक जण म्हणाला, उत्तर तर बरोबर आहे ना? त्याला सांगितलं, प्रश्न उत्तराचा नाही, विश्वासाचा आहे.

मग ठरलं, हिची परीक्षा घ्या. सगळ्यांसमोर.

मी नाही म्हणू शकले असते. पण मला वाटलं, एकदाचं दाखवून टाकू, म्हणजे तोंडं बंद होतील. त्यांनी मुद्दाम बिघडवलेला एक सर्व्हर दूरवरून माझ्या हाती दिला. तीन ठिकाणी बिघाड होता. कळा चुकीच्या दाबल्या जात होत्या. तरी तिन्ही सापडले. तिसरा सापडला तेव्हा ॲडमिन म्हणाले, "छान." आणि मग म्हणाले, जरा कॅमेरा फिरवा.

लॅपटॉप मिटल्यावर आबांनी विचारलं, "झाली का गं परीक्षा? पास झालीस?"

"झाले."

"मग झालं तर." त्यांनी शेजाऱ्यांच्या खोलीत जाऊन सांगितलं, पोरगी साहेबांच्या परीक्षेत पास झाली म्हणून.

ग्रुपमध्ये माझ्या नावापुढे हिरवी खूण आली. ती खूण म्हणजे हा माणूस तपासून घेतलेला आहे. मला ती खूण आवडली. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी ती रोज बघायचे. आबांचे जोडलेले हात आठवले की खूण बघायचे, म्हणजे हिशेब बरोबर झाल्यासारखं वाटायचं.

तेव्हापासून आबा दर रविवारी सकाळीच अंघोळ करून सदरा घालून बसायला लागले. इस्त्रीचा, वरच्या बटणापर्यंत लावलेला. मला वाटलं, म्हातारपणी टापटीप सुचलीये. मी चेष्टाही केली, "काय आबा, कुठं मुलगी बघायला जायचंय का?" ते नुसते हसायचे.

सहा-सात महिने गेले. भोसरीच्या एका वर्कशॉपमधला माणूस ग्रुपमध्ये आला. पंचेचाळिशीचा, आयुष्य लेथ मशिनवर गेलेलं. त्यानं जुन्या मशिनींवर किती नग निघाले ते मोजणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता आणि तो सगळ्यांना फुकट दिला होता. सोबत एक ओळ: "मी स्वतः लिहिला आहे, चुका असतील तर सांगा."

पुन्हा तेच. कॉलेज कुठलं? हे असं लेथवाल्याला येतं? कुठून उचललं? शब्दसुद्धा तेच होते. मी वाचत होते आणि मला राग येत नव्हता, नुसता थकवा येत होता. आठ तास उभं राहून आल्यावर येतो तसला.

त्या दुपारी ॲडमिनचा मला वेगळा मेसेज आला. "मॅडम, ह्यांची परीक्षा तुम्हीच घ्या. तुम्ही घेतलीत तर कुणाला बोट ठेवायला जागा राहणार नाही."

मी लिहिलं, "चालेल सर. रविवारी अकरा."

हो, लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं. एवढ्या लोकांतून मला विचारलं, ह्याचंच कौतुक वाटलं मला.

रविवारी मी केस विंचरून लॅपटॉपसमोर बसले. आबा सदरा घालून कॉटवर. म्हणाले, "आज परत परीक्षा हाय व्हय तुजी?"

"माझी नाही. एका माणसाची. मी घेणारे."

"म्हंजे तू साहेब झालीस." ते खूश झाले. मग खाली बघत म्हणाले, "त्येच्या घरात कोन आसंल तर आदी सांग बाई त्यास्नी. मानूस घरात कसा बी बसलेला आसतो. मला तवा सदरा बी घालता आला न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सात महिने. दर रविवारी वरच्या बटणापर्यंत सदरा. पुन्हा कुणी कॅमेरा फिरवायला सांगितलं तर उघडं सापडायला नको म्हणून. आणि मी मुलगी बघायला जाताय का म्हणून चेष्टा केली होती. रडले नाही. अकरा वाजले होते, चौकोन उघडायला लागले होते.

भोसरीचा माणूस आला. नवाकोरा शर्ट, घडीच्या रेघा अजून तशाच. मागे पत्र्याची भिंत, बाहेर भांड्यांचा आवाज. तो मला म्हणाला, "नमस्कार मॅडम," आणि त्यानं हात जोडले.

मी पण हात जोडले. मग माइक चालू केला.

"मी परीक्षा घेणार नाही. ह्यांचा प्रोग्रॅम मी काल आमच्या लाइनवर चालवून पाहिला. चालतो. एक चूक आहे, ती मी ह्यांना लिहून कळवते. ज्याला शंका आहे त्यानं चालवून बघावा. माणूस तपासायची गरज नाही."

"मॅडम," ॲडमिन म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा आहे. तुम्हीही दिलीत की परीक्षा."

"दिली. चुकलं माझं."

"हे पहा, भावनिक होऊ नका."

"नाही होत. नियम सारखा आहे ना सर? मग तुमच्यापासून सुरू करू. तुमच्या मागचं ते अंधुक काढा आणि जरा कॅमेरा फिरवा. घरात कोण काय घालून बसलंय ते चाळीस जणांना दिसू दे."

ॲडमिन हसले. "विषय माझा नाहीये," ते म्हणाले, आणि त्यांनी माझा आवाज बंद केला. माझे ओठ हलत होते, ते मलाच माझ्या चौकोनात दिसत होते.

परीक्षा झालीच. दुसऱ्या कुणीतरी घेतली. भोसरीच्या माणसाला सगळं आलं. शेवटी त्याला सांगितलं आणि त्यानं कॅमेरा फिरवला. दाराबाहेर भांडी घासणारी त्याची बायको दिसली. तिनं ओल्या हातानं पदर पुढे ओढला.

संध्याकाळी त्याचा मला मेसेज आला. "ताई, तुमचा आदर आहे. पण तुम्ही गप्प बसला असता तर लवकर आटपलं असतं. उगाच वाढलं." त्याच्यावर राग नाही माझा. मीही एकदा असंच म्हटलं असतं. त्याला त्याच्या प्रोग्रॅममधली चूक लिहून पाठवली.

माझ्या नावापुढची हिरवी खूण काढली गेली. त्यांनी काढायच्या आधी मीच काढा म्हणून लिहिलं होतं, पण ते कुणी वाचलं की नाही, माहीत नाही. ग्रुप मी सोडलेला नाही. हाकलायचं तर त्यांनी हाकलावं. कुणी अडलेला प्रश्न विचारला तर उत्तर देते. खाली लगेच कुणीतरी लिहितं, "हे तपासून घ्या." घ्या की.

उद्या आणखी कुणी येईल. तळेगावातून, देहूरोडवरून, कुठून तरी. काहीतरी बरोबर लिहील आणि त्याला कॉलेज विचारतील. मी दमलेली आहे. पण तेव्हा मी तिथे असेन, आणि त्याला पहिला मेसेज माझा जाईल, कॅमेरा फिरवू नका म्हणून. तो ऐकणार नाही कदाचित. त्याच्यानंतरच्याला पाठवीन.

आबा अजून रविवारी सकाळपासून सदरा घालून बसतात. मे महिना आहे, पत्रा तापतो, पंखा गरम हवा फेकतो. मी म्हणते, "काढा आबा, आता कुणी बघणार नाही." ते म्हणतात, "आसू दे."

तो सदरा ते स्वतःहून काढत नाहीत, तोवर माझं भांडण मिटलेलं नाही.