अकरा मिनिटं

"आता काईको तोंड उघडायचं? तो पोरगा गेलाच की कामावरून!" हणमंतरावांनी वरणाची वाटी आपटली.

"गेला नाही दादा, घालवला. चूक माझी, नि गेला कुलदीप."

"पण हे कोणाला ठाऊक आहे?" कुसुमवहिनी पोळी वाढत म्हणाल्या. "तुलाच ना?"

तेच तर होतं. त्रिवेणीलाच ठाऊक होतं. सव्वीस वर्षं ती कुकटपल्लीच्या एका कंपनीतले युनिक्स सर्व्हर सांभाळत होती. जामबागच्या या घरात, भावाच्या संसारात, तिच्या कामाला 'कम्प्युटरवर बसते' यापलीकडे नाव नव्हतं.

रूट म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. त्याच्या अधिकारानं चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला ओळीनं लिहून दिलेल्या हुकमांत, पासवर्ड लिहायचा नाही. तो वेगळ्या फाइलीत ठेवायचा, ती फाइल एकट्या रूटलाच वाचता यायला हवी, आणि स्क्रिप्टनं तो तिथूनच घ्यायचा. कमांडच्या ओळीत तर कधीच टाकायचा नाही. चालू कामांची यादी मशीनवर कोणालाही बघता येते आणि तिच्यात ती ओळ अख्खी दिसते. हा नियम त्रिवेणीनंच लिहून भिंतीवर चिकटवला होता.

त्या गुरुवारी स्क्रिप्ट अडली होती. हळदीकुंकवाच्या बायका येऊन बसल्यात, साखर कुठाय, म्हणून वहिनींचे तीन फोन येऊन गेले. त्रिवेणीनं पासवर्ड सरळ ओळीत टाकून काम पुढे नेलं. अकरा मिनिटं तो उघडा होता. तपासणीत सापडला तेव्हा नोंदीत नाव फक्त रूटचं. रूट होणारे दोघंच, ती आणि कंत्राटावरचा कुलदीप. साहेबांनी तिला विचारलंसुद्धा नाही.

कुलदीप रोज तिच्यासमोर डबा उघडायचा. दिवसातलं तिचं खरं बोलणं तेवढंच. गेले आठ दिवस ती भिंतीकडे बघून जेवत होती.

"काही चोरीला गेलं का?" हणमंतरावांनी विचारलं.

"नाही. पासवर्डही बदलला मी."

"मग?"

"वहिनी, परवा तुम्ही गॅलरीतून यादम्माला ओरडून सांगितलंत, कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात आहे म्हणून. सगळ्या गल्लीनं ऐकलं. उद्या त्यापायी यादम्मालाच काढलं तर?"

"यादम्मा दहा वर्षं कामाला आहे आपल्याकडे. तो कुलदीप तुझा कोण लागतो?"

तो तिचा कोणीच लागत नव्हता.

"नोकरी गेली तर दिवसभर घरात करशील काय?" हणमंतराव जरा नरमाईनं म्हणाले. "निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत. गप बस."

हे मात्र तिला लागलं. दिवसा तिच्या खोलीत वहिनींचा शिवणाचा क्लास भरायचा. कॉट भिंतीला उभी करून तिथं चार मशिनी मांडल्या जायच्या. रविवार सोडला, तर दिवसाउजेडी आपली खोली कशी दिसते हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

तिनं ताट उचललं, मोरीत ठेवलं, हात धुतले.

"उद्या सोमवारी मी साहेबांना माझं नाव लिहून देणार आहे," ती म्हणाली. "मंगळवारपासून क्लास हॉलमध्ये घ्या."