अश्विनचा नॉर्मल रिपोर्ट

शुक्राणूंचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पानठेल्यावर सगळ्यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊ घालणारा माणूस सिंदेवाहीत एकच निघाला, राईस मिलमध्ये धान उकडणारा अश्विन. त्याच्या बायकोचे, रिनाचे, दोन गर्भ टिकले नव्हते. दोष कोणाचा, याचा निकाल त्या खर्र्याबरोबरच लागला आणि दिवेलागणीपर्यंत घरोघरी पोचला. रिनाला कोणी काही विचारलं नाही.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाई मात्र चिवट. त्यांनी अश्विनचीच आणखी एक तपासणी करायला लावली.

"संख्या चांगली आहे, चालही चांगली. पण शुक्राणूंच्या आतला डीएनए बराच तुटलेला आहे."

"तुटला तं मंग ते चालतेत कसे?"

"चालतात, पोचतात, गर्भही राहतो. पुढं टिकायला अडचण येऊ शकते. तुमचं कारण हेच, असं छातीठोक नाही सांगत. पण खर्रा बंद करा, मिलमध्ये भट्टीच्या धगीपासून लांबचं काम मागा. तीन महिन्यांनी परत पाहू."

परतीच्या बसमध्ये अश्विन दोन्ही रिपोर्ट मांडीवर घेऊन बसला. एक म्हणे चांगला, दुसरा म्हणे तुटका, आणि माणूस तर एकच.

"रिना, मी नॉर्मल हाओ का नाई?"

"मले काऊन विचारून राह्यले? ठेल्यावरच्यांले विचारा," ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली.

घरी त्याची आई सत्यशीलाबाई गिलास घेऊन उभीच होती. धानोऱ्याकडच्या वैदूचा काढा, सुनेसाठी.

"आता हा शेवटचा, बाई. नाई तं तू माहेरी जाय. दुसरी पाहू."

रिनाचा हात पुढं होण्याआधी अश्विननं गिलास ओढून घेतला आणि गटागटा रिकामा केला.

"अरे, ते बाईचं औषध हाये."

"बिघाड माह्यात असन तं मीच पेईन ना. रिना कुठी जात नाई."

"तुहा रिपोर्ट तं चांगला होता."

"चांगलाच हाये. फक्त आतून तुटला."

"चांगला हाये अन् तुटला बी हाये? पेऊन आला का तू?"

"मलेच समजून नाई राह्यलं, आई. तुले काय सांगू?"

सत्यशीलाबाई रिकाम्या गिलासात पाहत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "वैदूले सांगू का मंग, माणसासाठी दे म्हणून?"

अश्विननं हातानं तोंड पुसलं. जीभ टाळूला चिकटली होती. "लयच कडू हाये हे," तो रिनाला म्हणाला. "तू कधीपासून पेते?"

ती पाण्याचा तांब्या भरायला आत गेली.