दोन पावलांमधली जागा

कुवेतमध्ये डोंगर नाही. जहरा गावाच्या पुढे वाळवंट एका कड्याशी उंचावतं, एवढंच. पण सपाटीवर राहून राहून आम्हाला तोच डोंगर वाटतो. थंडीच्या महिन्यांत दर बुधवारी संध्याकाळी तिथे चढ-उताराची शर्यत होते. बक्षीस नसतं, शेवटी कुणाच्या तरी डिकीतून संत्री वाटतात. मी शुवैखमधल्या एका गोदामात हिशेब बघतो. साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, त्यातून पन्नाशीत ही धावण्याची सवय लागली.

त्या वर्षी बायकोचा धाकटा भाऊ लातूरहून इथे नोकरीला आला आणि सबाह अल-सालेमला आमच्याकडेच राहू लागला. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "जावईबापू, तुमच्या भरवशावर पाठवलाय हो." त्याला मीच शर्यतीला न्यायला लागलो. घरात मोबाइल बघत पडण्यापेक्षा बरं, असं मला वाटलं होतं.

शर्यत भरवणारे निवृत्त मास्तर दर वेळी एकच सूचना द्यायचे. चुना लावलेल्या दगडांच्या आत राहा, आणि वाळूत लोखंड दिसलं तर जवळ जाऊ नका. इराकबरोबरच्या लढाईतले न फुटलेले गोळे अजून सापडतात. आम्ही बुटांच्या नाड्या आवळत ऐकायचो, विमानातल्या सूचना ऐकाव्यात तसं.

त्या बुधवारी चढ संपवून मी उताराला लागलो तेव्हा मेहुणा मागून जवळ आला.

"दाजी, साइड द्या. म्हाताऱ्या माणसांनी कडेनं चालावं."

"तुझ्या ताईला सांगतो, थांब."

"सांगा की! तीच म्हणली, दाजींचं पोट उतरवून आण."

मला हसू आलं आणि रागही आला. तो मला दर आठवड्याला मागे टाकायचा. पुढे वाट एका घळीला लांब वळसा घालून जात होती. डावीकडे जुन्या गाडीच्या चाकोरीसारखं काहीतरी सरळ खाली उतरत होतं. मी दगड ओलांडून त्यात शिरलो. मागून तो ओरडला, "ओ दाजी, चीटिंग!" आणि हसत हसत माझ्यामागे आला.

थोडं खाली गेल्यावर चाकोरी वाळूत विरून गेली. समोर जमिनीतून एक गंजलेली नळी वर आली होती. तिच्या टोकाला पत्र्याचे छोटे पंख होते.

मी थांबलो. एक पाय पुढे, एक मागे, तसाच. "थांब! हलू नकोस," असं ओरडलो. तो माझ्या मागे, चढावर उभा होता. त्याने मान वाकडी करून ती वस्तू पाहिली आणि त्याचं हसणं थांबलं.

"दाजी, ते काय आहे?"

"तेच."

फोन गाडीत होते. हाका मारून पाहिल्या. वारा आमच्याकडेच वाहत होता, आवाज वाटेपर्यंत पोचेना. सूर्य कड्यामागे चालला होता आणि अंधारात वाळूतलं काहीच दिसणार नव्हतं. माझ्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. त्या थरथरीनेही काही होईल का, अशी भीती वाटत होती.

आल्या पावलांवर पाय ठेवत परत जायचं, हे सुचायला वेळ लागला नाही. मेहुणा वर होता, म्हणजे परतताना तो पुढे आणि मी मागे. मी म्हणालो, "तू हो पुढे. मी मागून बघतो." वडीलधाऱ्या माणसाचा आवाज काढून म्हणालो.

पण उतारावर धावताना ढांगा लांब पडलेल्या असतात. चढताना तेवढी ढांग टाकता येत नाही. एका ठशावरून दुसऱ्यावर पाय पोचेना. मधे कुठेतरी, जिथे आमच्यापैकी कुणाचंच पाऊल पडलं नव्हतं अशा वाळूवर, एक पाय टेकवावा लागणार होता. तो पाय दर वेळी त्याने टेकवला. मी थांबायचो, त्याचं वजन पूर्ण त्या पायावर येऊ द्यायचो, आणि मग नेमका तिथेच माझा पाय ठेवायचो.

एका जागी तो अडला. "दाजी, इथं पुरत नाही ओ. मधी टाकू का?"

"टाक. काही होत नाही," मी म्हणालो.

मला काय माहीत होतं? काहीही नाही. हे मी बोललो आणि डोळे मिटून घेतले. त्याच्यासाठी प्रार्थना वगैरे मनात आली नाही. हा पुढे आहे ते बरं, एवढंच आलं.

त्याने पाय टाकला. काही झालं नाही.

पांढरे दगड गाठल्यावर तो मटकन बसला आणि ओकला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. खाली आल्यावर मास्तरांना जागा दाखवली. त्यांनी पोलिसांना फोन लावला आणि पुढचा बुधवार रद्द केला.

घरी जेवताना त्यानेच सगळं सांगितलं. "ताई, दाजी होते म्हणून वाचलो बघ. एकेक पाऊल बघत मागं राहिले." बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी भात कालवत राहिलो.

दोन दिवस ती नजर सहन केली. शुक्रवारी सकाळी तो आंघोळीला गेला असताना स्वयंपाकघरात तिला सांगितलं, की नव्या वाळूवर दर वेळी आधी पाय त्याने टाकला, आणि त्याने विचारलं तेव्हा 'टाक' मी म्हणालो. त्याला ओलांडून पुढे जायला जागा नव्हती, हेही सांगितलं. ते खरंच होतं. पण जागा असती तरी मी गेलो नसतो, हेही सांगितलं.

तिने गॅस बंद केला.

"तो विचारत होता तेव्हा तुम्ही 'टाक' म्हणालात?"

"हो."

"काही माहीत नसताना?"

"हो."

ती ओटा धरून उभी राहिली. न्हाणीघरात पाण्याचा आवाज आणि त्याचं गुणगुणणं चालू होतं.

"त्याला हे सांगू नका," ती म्हणाली. "तुम्हाला मोकळं वाटेल. पण त्याचं इथं दुसरं कोण आहे?"

तो केस पुसत बाहेर आला. तिने आधी त्याला पोहे वाढले, मग मला. माझ्या ताटलीत वाढताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.