गोळी आणि तूप

कढत्या लोण्यात विड्याचे पान पडले, की घरभर जो कोवळा, खमंग दरवळ पसरतो, तो एके काळी मला समृद्धीचा गंध वाटे. आता त्या वासाने मन खिन्न होते.

विदर्भ नव्या महाराष्ट्रात आला त्या सुमारास नेरच्या कापूस बाजारात माझे थोरले बंधू, दादा, छातीत कळ येऊन कोसळले. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले आणि कोलेस्टेरॉल हा परका शब्द आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आला. ती चरबी उतरवणारी गोळी त्यांनी दिली. पण किती प्रामाणिक माणूस! चरबी उतरेल, आयुष्य वाढेलच असे नाही, यकृताला इजा होऊ शकते आणि अंगाची आग तर होणारच, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. देणाऱ्यालाच खात्री नसेल, तर घेणाऱ्याने कोणत्या पारड्यात काय टाकावे? दादांनी गोळी निवडली.

गोळी घेताच त्यांचा चेहरा लालबुंद होई. आपल्याकडे अंगाची आग म्हणजे उष्णता, आणि उष्णतेवर उतारा तुपाचा! वहिनी काशाच्या वाटीने त्यांचे तळपाय तुपाने घाशी, इथवर ठीक होते. पण दर गोळीमागून ती खडीसाखर घालून वाटीभर तूप पाजी. डॉक्टरांनी तळण वर्ज्य सांगितले होते; घरचे तूप तिच्या लेखी तळणात मोडतच नव्हते.

मी यवतमाळला मास्तर. हे मला कळले ते दादा गेल्यावर, तिच्याच भाबड्या बोलण्यातून. माझा चेहरा पाहून ती चपापली. “भाऊजी, खरं सांगा, ते गोळीनं गेले का तुपानं?”

“गोळीनं,” मी म्हणालो. खरे कुणाला ठाऊक होते? मागे उरलेल्या माणसाला जगता यावे, म्हणून मी दोष मुक्या गोळीवर ठेवला. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

यंदा माझ्याही रक्तात तीच चरबी निघाली. तेच डॉक्टर, तीच गोळी. ऐकताच वहिनी नेरहून बसने आली आणि दारातच थांबली. “हात जोडतो तुमाले, भाऊजी. ते गोळी खाऊ नोका. एक माणूस नेला न तिनं!”

गोळी घ्यावी, तर दोष तुपाचाही असू शकेल, हे तिला आधी सांगावे लागणार. हे वजन डॉक्टरांच्या तराजूत कुठे होते? “नाही घेत, वहिनी,” मी म्हणालो. ती पोटभर जेवली आणि सावकाश बसस्टँडकडे निघाली.

दिलेला शब्द मी पाळतो आहे. छातीत अधूनमधून कळ येते. ती मात्र मी कुणाला सांगत नाही.