जामखेडच्या मैदानावरचा टॉवेल

मंडळी, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. मी नगरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच येतं.) रक्त काढायचं, मशीनला लावायचं, येईल तो रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टमध्ये न बसणारं काही जगात असतं, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. अजूनही नाही... म्हणजे आहे की नाही हेच कळेनासं झालंय. म्हणून लिहितोय. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, फक्त नारळ फोडायला सांगू नका.

सकाळी लॅबला जायच्या आधी मी भिंगारच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवतो. रविवारी प्रॅक्टिस संपली की आमचा अड्डा मोईनभाईंच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानापुढे. मोईनभाई फुटबॉलवेडे. तिसरे कांबळेकाका, फौजेतून रिटायर झालेले आणि तरुणपणी पलटणीचे बॉक्सर. काकांच्या मोबाईलवर जुन्या गाजलेल्या बॉक्सिंगच्या लढती चालू असतात, मोईनभाई उपड्या बादलीवर नटबोल्ट मांडून फॉर्मेशन समजावतात आणि दोघं एकमेकांना अजिबात ऐकून घेत नाहीत.

"फुटबॉल म्हंजी अकरा जनांची बॉक्सिंगच हाय," काका म्हणायचे. "बॅक हाय तो गार्ड, तोंडापुढचा हात. फॉरवर्ड हाय तो जॅब, ठोसा. गार्ड खाली आला की थोबाड फुटलंच."

"काका, तुमाला एवढ्याशा रिंगमध्ये गोल गोल फिरायचं. आमचा मिडफिल्डर पूर्ण मैदान पळतो," मोईनभाई.

"पळतो म्हनून तर मार चुकतो त्याचा."

काकांचा एक विषय मात्र चेष्टेचा नव्हता. बॉक्सरच्या कोपऱ्यात त्याचा एक माणूस उभा असतो. आपल्या गड्याचं आता काही खरं नाही असं त्याला वाटलं, की तो रिंगमध्ये टॉवेल फेकतो. टॉवेल पडला की लढत संपली, हार मान्य. काकांच्या सगळ्यात मोठ्या लढतीत त्यांच्या उस्तादाने असा टॉवेल फेकला होता. काका शुद्धीवर होते, उभे होते, जिंकलो असतो म्हणतात. पुढे ते उस्तादाशी आयुष्यभर बोलले नाहीत. तो वारल्याचं कळलं तेव्हाही गेले नाहीत. टॉवेल हा शब्द जरी निघाला तरी काकांचा चहा अर्धा राहायचा.

आता ऋतुजाबद्दल. ही आमची स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध उभी राहणारी. गाव पाथर्डी तालुक्यात. आईबाप दरवर्षी दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, आणि ही भिंगारला आत्याकडे राहून शिकते. यंदा धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही म्हणून बापाने हिलाही फडावर न्यायचं ठरवलं होतं. सुटका एकच होती. जामखेडला आमची मॅच होती, तिथे खेळाडूंच्या वसतिगृहासाठी निवड करणारे सर येणार होते. निवड झाली तर राहणं, जेवण, शाळा सगळं तिथेच. बापाने मला स्पष्ट सांगितलं, "सर, घेतलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई घेतलं तर गाडीत बसंल."

समोरची टीम आमच्यापेक्षा उंच आणि तगडी. रविवारी अड्ड्यावर खल झाला. काकांनी त्यांची एक लाडकी लढत लावली. त्यात एक वयस्कर माजी चॅम्पियन मुद्दाम दोरीला टेकून उभा राहतो, तोंड झाकून मार खातो, समोरचा तरणाबांड मारून मारून दमतो आणि मग हा दोन ठोशांत त्याला आडवा करतो.

"पयल्या हाफला दोरीला टेका," काका म्हणाले. "मारू द्या त्यास्नी. दमतील."

मोईनभाई आयुष्यात पहिल्यांदा काकांशी सहमत झाले. त्यांनी पाच नट मागे मांडले आणि मधला सगळ्यात मोठा नट बोटाने दाबून म्हणाले, "ये ऋतुजा."

मलाही ते पटलं. दोरीला टेकलेला बॉक्सर हातांनी तोंड झाकतो आणि स्टॉपरला मात्र बॉल डोक्याने अडवावा लागतो, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. फुटबॉल फक्त फुटबॉल म्हणून बघणाऱ्या माणसाने ही चूक केली नसती.

मॅच भर दुपारी होती. मैदान उघडं, ऊन कडक, वाऱ्याचा पत्ता नाही. आमची बसायची जागा लाईनच्या कडेला, पाठीमागे मोकळं रान आणि बऱ्याच अंतरावर कंपाउंडची भिंत. हे मुद्दाम सांगतोय. पहिला हाफ अगदी ठरवल्यासारखा गेला. त्या पोरी मारत राहिल्या, ऋतुजा अडवत राहिली. शेवटी शेवटी एक जवळून मारलेला फटका तिच्या कानाजवळ बसला. ती खाली बसली, पण मी पोचायच्या आत उठली.

मध्यांतरात मी तिला बोटं मोजायला लावली, गावाचं नाव विचारलं. तिने सगळं बरोबर सांगितलं. वर म्हणाली, "सर, ते निवडीचे सर आत्ताशी आलेत. मला बसवू नका." खरंच ते तेव्हाच येऊन खुर्चीवर बसले होते. मी तिला खेळू दिलं.

दुसरा हाफ सुरू झाला. काकांचं गणित बरोबर निघत होतं, त्या पोरी दमल्या होत्या. मी हाताची घडी घालून उभा होतो. आणि माझ्या बुटांपुढे टॉवेल पडला.

पांढरा, साधा, ओला टॉवेल. पडताना फट्ट असा आवाज झाला आणि माझ्या पायांवर पाणी उडालं. मी मागे वळून पाहिलं, कुणीच नाही. आमच्या बाकावरच्या तिघी पोरी मैदानाकडे बघत होत्या, आणि त्यांच्याकडे टॉवेल नव्हताच. ओढण्या होत्या.

दुसरा कुणी असता तर त्याने टॉवेल बाजूला केला असता आणि मॅच बघत राहिला असता. फुटबॉलमध्ये टॉवेलला काय अर्थ? पण माझे सगळे रविवार त्या दुकानापुढे गेलेले. मी ऋतुजाकडे पाहिलं. खेळ चालू होता आणि ती वाकून बुटाची लेस बांधत होती. मला तरी ती लेस बांधलेलीच दिसली, मग ती वाकली कशाला?

मी ओरडून बदली खेळाडू मागितली आणि तिला बाहेर काढलं.

ती बाहेर येताना माझ्याकडे अशी बघत होती की मला तोंड लपवावंसं वाटलं. ती बाकावर बसून हमसून हमसून रडली. मॅच आम्ही जिंकलो, याचं कुणालाच काही वाटलं नाही. निवड करणाऱ्या सरांना मी हात जोडून विनवलं. ते सज्जनपणे म्हणाले, मी जे पाहिलं त्यावरच ठरवणार ना? पुढच्या वर्षी बघू.

परतीच्या वाटेवर जीपमध्ये तिला उलटी झाली. मी जीप तशीच नगरला दवाखान्यात नेली. सीटी स्कॅन झाला. तो नॉर्मल आला. डॉक्टरांना विचारलं, आणखी एक फटका बसला असता तर? ते म्हणाले, कदाचित काहीच नाही, कदाचित फार वाईट, असं आधी सांगता येत नाही. उलटीचं विचारलं तर म्हणाले, मार असेल किंवा ऊन असेल. पोरगी सकाळपासून उपाशी होती हेही तेव्हाच कळलं. लेसचं विचारलं तर ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सुटली हुती सर. खरंच सुटली हुती."

एका पालकाने मॅचचं मोबाईलवर शूटिंग केलं होतं. ते मी शंभरदा पाहिलं असेल. मी उभा दिसतो, मग कॅमेरा बॉलमागे जातो, परत येतो तेव्हा टॉवेल माझ्या पायाशी. माझ्या मागे तेच मोकळं रान. पळत लांब जाणारा माणूस तरी दिसायला हवा होता, तोही नाही. मैदानावर पाण्याचा टँकर होता, पण पलीकडच्या टोकाला.

टॉवेल मी पिशवीत घालून आणला होता. दुसऱ्या दिवशी तो घेऊन दुकानावर गेलो. मनात शंका होती की हा काकांचाच काहीतरी उद्योग. पण मॅचच्या वेळी काका भिंगारलाच होते, मोईनभाईंबरोबर बसून माझ्या फोनची वाट बघत. आणि टॉवेल फेकणाऱ्यांपैकी ते सगळ्यात शेवटचे, हेही खरंच.

काकांनी टॉवेल उलगडला. एका टोकाला गाठ मारलेली होती, ती मी आदल्या दिवशी नीट पाहिलीही नव्हती. काकांनी तो नाकाशी नेला. मलाही तो वास येत होता, निलगिरीचं तेल आणि कापूर. मोईनभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"उस्ताद गाठ मारायचा," काका म्हणाले. "लांब जावा म्हनून. नुस्ता टॉवेल हवेत पसरतो, जागीच पडतो. अन ह्यो वास त्याच्या मालिशच्या तेलाचा."

"हे तुम्ही आधी कधी सांगितलं होतं का?"

"न्हाई. त्याचं चांगलं मी कदी सांगितलंय का तुमाला?"

मग त्यांनी मला विचारलं, "पोरगी उबी हुती न्हवं? शुद्धीवर हुती?"

"होती."

"मी बी हुतो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी झाल्यावर काका हट्टाने माझ्याबरोबर पाथर्डीला आले. ऋतुजाच्या घरापुढे ट्रकमध्ये सामान चढत होतं. भांडी, गोधड्या, कोयते. मी तिच्या बापाशी पुन्हा बोलून पाहिलं, तो नुसता मान हलवत राहिला. ऋतुजा भावाला कडेवर घेऊन उभी होती. माझ्याकडे बघेना.

"सरांचा राग आलाय?" काकांनी विचारलं.

"व्हय."

"आसू दे. ऱ्हाऊ दे राग. पन बोलत जा. मी न्हाई बोललो, अन मानूस गेला. आता कुनाला इचारू, तुला माज्यात काय दिसलं हुतं?"

तिने भावाला ट्रकमध्ये चढवलं आणि मागून स्वतः चढली. ट्रक गेला.

मंडळी, मी सगळ्या शक्यता तपासल्या. कुणी गंमत केली असेल, तर गाठीचं त्याला कसं माहीत? गाठ योगायोग म्हटली, तर तेलाचा वास? काकांनी कधीतरी सांगितलं असेल आणि मी विसरलो असेन, असं स्वतःला पटवलं, तरी टॉवेल पडला हे उरतंच. आणि त्याहून मोठा घोळ हा की तो पडला ते चांगलं झालं की वाईट, हेही मला सांगता येत नाही. त्या टॉवेलने पोरगी वाचली की तिचं वर्ष गेलं? मी दिवसभर लोकांना रिपोर्ट वाटतो, पण याचा रिपोर्ट माझ्याकडे नाही.

मध्ये एका रविवारी अड्ड्यावर असताना बापाच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. मागे ऊस सोलल्याचा आवाज येत होता. नमस्कार नाही, काही नाही. "सर, खरं सांगा. मी पडले आसते का?"

"माहीत नाही गं," मी म्हणालो.

तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. दर वेळी तेच विचारते, आणि मला दर वेळी तेच सांगावं लागतं. मग ती म्हणते, काकांना द्या. काका फोन घेऊन रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली जाऊन उभे राहतात, आमच्याकडे पाठ करून. बराच वेळ बोलतात. परत आले की अर्धा राहिलेला चहा उचलतात आणि थंडच पितात.