सपाट बुडाची गोळी

क्लबात तिला सगळे कवळीबाई म्हणायचे, आणि तिला ते आवडायचंही. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या आणि सुटे दात बनवून देणं हा तिचा धंदा. त्यातही पुढचा दात म्हणजे तिचा हातखंडा. शेजारच्या दातावरची पुसट रेघ, कडेचा निळसर पदर, चहाने आलेला किंचित पिवळेपणा, हे सगळं ती दोन केसांच्या ब्रशाने असं उतरवायची की खुद्द डॉक्टरांनाही खरा कोणता आणि खोटा कोणता ते विचारावं लागे. उरलेला वेळ ती रायफलीने निशाण्यावर नेम धरायची. ‘आई दात बसवते आणि बाकीच्यांचे घशात घालते,’ असं मुलगा पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे. ती नाही.

गोळ्या ती घरीच बनवायची. मागच्या खोलीतल्या टेबलाला हाताने दाबायचा एक लोखंडी दट्ट्या ठोकलेला होता. तांब्याच्या इवल्याशा पेल्यात शिशाचा तुकडा घालायचा, साच्यात ठेवायचा आणि दट्ट्या दाबायचा. गोळी बाहेर पडली की ती तिला काचेच्या तुकड्यावर बुडावर उभी करायची आणि बोटाने हलकेच टिचकी मारायची. गोळी ताठ उभी राहिली तर पास. डुगडुगली की गेली भंगारात.

“लोक मेले टोकाकडे बघत बसतात,” ती म्हणायची. “नळीतून सगळ्यात शेवटी सुटतं ते बूड. मागून तापलेल्या वायूचा धक्का बसतो तो बुडाला. बूड एका बाजूला जरा जरी उतरतं असलं, तरी गोळी दारातच अडखळते.”

यात खोटं काहीच नव्हतं. शंभर मीटरवर तिच्या सपाट बुडाच्या गोळ्या एकाच भोकातून जायच्या. क्लबाच्या भिंतीवर तिच्या नावाच्या इतक्या पाट्या लागल्या होत्या की नव्या माणसाला वाटे, ही क्लबाची मालकीणच असावी.

मग त्या मैदानाशेजारी वस्ती आली आणि क्लबाला बाडबिस्तरा उचलावा लागला. नवं मैदान म्हणजे गावाबाहेरची एक जुनी दगडखाण. लांबच लांब, दोन्ही बाजूंनी उघडी आणि वाऱ्याला मोकळं रान. तिथे निशाणा सहाशे मीटरवर. आणि कवळीबाईची दशा झाली. गोळ्या कधी डावीकडे, कधी उजवीकडे, कधी खाली. एकेक गोळी सुटायची आणि तिचा चेहरा उतरायचा.

सूनबाईने तिला लगेच सांगितलं होतं. सूनबाई रुग्णवाहिका चालवायची, बोलणंही तसंच, थेट. घरात रायफल एकच, ती दोघींत होती, पण गोळ्यांवरून दोघींची चूल वेगळी. सूनबाई बाजारातून निमुळत्या बुडाच्या गोळ्या आणायची.

“आई, होडी मागून निमुळती का असते? बादली पाण्यातून ओढून बघा, मागे भोवरे होतात आणि हात खेचला जातो. सपाट बुडामागे हवा तशीच भोवरे करते. गोळीचा वेग लवकर मरतो. वेग मेला की वाऱ्याला तिला ढकलायला जास्त वेळ मिळतो. शंभर मीटरवर वाऱ्याला तेवढी सवडच नसते हो!”

कवळीबाईने त्यातली एक गोळी उचलून काचेवर उभी केली. टिचकी मारली. निमुळत्या बुडाला टेकायला जागा ती केवढीशी! गोळी आडवी झाली आणि टेबलाखाली घरंगळली.

“हिचं बूडच ठिकाणावर नाही,” कवळीबाई म्हणाली, “आणि ही सहाशे मीटर जाणार!”

तरी न्याय हवा म्हणून, जुनं मैदान अजून पुरतं बंद झालं नव्हतं तोवर तिथे जाऊन दोन्ही गोळ्या शंभर मीटरवर मारून बघितल्या. तिच्या एका भोकात गेल्या, बाजारच्या जरा पसरल्या. तसंच होणार होतं. निमुळत्या बुडाची उतरण सगळीकडून अगदी सारखी नसली, तर नळीच्या तोंडाशीच वायू तिला धक्का देतो, आणि जवळच्या निशाण्यावर तोच धक्का दिसतो. पण कवळीबाईने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. त्यानंतर सूनबाईने दोनदा विषय काढला, दोनदा तिचं तोंड बंद झालं.

आता गोळी निर्दोष ठरली, तर दोष कुणाचा? वर्षभर हा प्रश्न तिला आतून कुरतडत होता. उत्तर एकच उरत होतं. हात गेला. नाहीतर डोळा गेला. कदाचित दोन्ही. एकदा ही शंका मनात शिरली की माणूस पुरावे गोळा करत सुटतो. चहाची बशी खडखडली, हात कापतो. सुई दोनदा ओवावी लागली, डोळा गेला. मग तिने पुढचे दात घेणं बंद केलं. डॉक्टरांचा फोन आला की म्हणायची, “दाढा पाठवा, दाढा करून देते. पुढचं काम दुसऱ्या कुणाला द्या.” दाढा कोण बघतं? ज्या कामासाठी तिचं नाव होतं ते तिने स्वतःच्या हाताने सोडून दिलं, आणि ते सोडताना तिला जे झालं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मुलाला वाटलं, आई थकली. सूनबाईला तसं वाटलं नाही.

एका रविवारी क्लबात पोचल्यावर तिने जाहीर करून टाकलं, “आजपासून मी खड्ड्यात. नेम तुम्ही धरा. आणि रायफल हवी असेल तर सूनबाईच्या नावावर करून टाकते.”

खड्डा म्हणजे निशाण्याच्या चौकटींखालचा खोल चर. पुढे मातीचा जाड बांध, त्यामुळे आत बसलेल्याला धोका नाही. गोळी कागदातून गेली की चौकट खाली ओढायची, भोकात रंगीत खुंटी खोचायची, चौकट पुन्हा वर करायची, म्हणजे तिकडे लांबून दुर्बिणीतून कळतं. बारीसारीक बोलायला वॉकीटॉकी. त्या दिवशी तिच्या जोडीला रंगारीकाका होते, घरं रंगवून निवृत्त झालेले आणि भोकांवर ठिगळं चिकटवण्यात तरबेज.

“पहिला नंबर कुणाचा?” तिने विचारलं.

“तुमच्या सुनेचा. आज वाराही लहरी आहे बघा.”

डोक्यावरून सट्कन आवाज गेला. चौकट खाली. भोक डावीकडे, चांगलं हातभर बाहेर. पुढचं उजवीकडे. मग खाली. कवळीबाई खुंट्या खोचत होती आणि तिचा जीव तुटत होता. सूनबाईचा नेम क्लबातल्या पहिल्या दोघातिघांत धरला जायचा. आज हिला झालंय काय? घरी काही बिनसलं का? की मी रायफल देते म्हटल्याचं ओझं आलं?

“हे तर तुमच्यासारखंच झालं,” रंगारीकाका बोलून गेले आणि लगेच ठिगळं शोधायला लागले.

दहा गोळ्या झाल्या. कागदाची चाळण झाली होती. काकांनी ठिगळं लावली. मग पुन्हा सट्कन आवाज झाला. भोक मधल्या काळ्या गोलात. पुढचं त्याच्या शेजारी. वारा तसाच होता, बांधावरचं गवत तसंच लोळत होतं, पण भोकं एका ताटलीत मावतील इतकी जवळ येत होती. दहावी खुंटी खोचून कवळीबाईने चौकट वर केली. तिने वॉकीटॉकी उचलला.

“अगं, काय केलंस तू?”

पलीकडे थोडी खरखर झाली. मग सूनबाईचा आवाज आला, “आई, पहिल्या दहा तुमच्या डब्यातल्या होत्या. तुमच्या हातच्या. दुसऱ्या दहा माझ्या.”

“काय?”

“डोळे माझे, हात माझे, रायफल तीच. दोन्ही गोळ्यांसाठी रायफलीचा नेम आधी वेगवेगळा जुळवून घेतला होता. तरी तुमच्या गोळ्या माझ्या हातूनही तशाच गेल्या. आई, तुमचा हात नाही गेला. कळतंय का तुम्हाला?”

कवळीबाई मातीच्या बांधाला टेकून खाली बसली. तिला रडू आलं. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. रंगारीकाका भला माणूस, ते पाठ फिरवून ठिगळांचा गुंडाळा उलगडत आणि गुंडाळत राहिले. बऱ्याच वेळाने तिने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. रडण्याने जरा थरथरत होते. पण ते रडण्याने.

खड्ड्यातली पाळी बदलली. ती मैदानाच्या कडेकडेने चालत वर गेली. सूनबाई नेम धरायच्या चटईपाशी उभी होती, डोळे लाल.

“एक सांग,” कवळीबाई म्हणाली. “माझ्या गोळ्या तुझ्या हातून मधोमध बसल्या असत्या तर?”

सूनबाई वाकून चटईची कड सरळ करू लागली.

“तर माझा हात गेला हे पक्कं झालं असतं. हो ना? मग काय सांगितलं असतंस मला?”

“काहीच नाही. सगळ्या वीसच्या वीस माझ्याच गोळ्या होत्या असं सांगितलं असतं.” मग हळूच म्हणाली, “म्हणून तर इतके दिवस हिंमत होत नव्हती, आई. तुमच्या डब्यातलं काडतूस हातात घेऊन परत ठेवून द्यायचे.”

भर गर्दीतून भोंगा वाजवत गाडी काढणारी पोर, आणि हिला एवढ्याशा गोष्टीची भीती वाटली. कवळीबाईने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं, दाताचा रंग जुळवताना डॉक्टरांच्या पेशंटचं करते तसं.

“बघू, हसतेस का रडतेस?”

“दोन्ही.”

“तुझ्या त्या डुगडुगणाऱ्या गोळ्या उरल्यात का?”

“तुमच्यासाठीच ठेवल्यात.”

कवळीबाई चटईवर पालथी झाली, खांद्याला रायफल लावली, वाऱ्याकडे बघून श्वास सोडला आणि चाप ओढला. लांब तिकडे चौकट खाली गेली. भोक कुठे पडलं ते बघायला सूनबाईने दुर्बीण डोळ्याला लावली, तोवर कवळीबाई दुसरी गोळी भरत होती.