बारा काचा
नर्सने दंडावर स्पिरिट चोळलं की मी अजूनही त्या वाडीत जाऊन पोहोचते. भोर संस्थान असतानाची गोष्ट. पुण्याचे एक डॉक्टर वेल्ह्याकडच्या हिवतापावर निबंध लिहीत होते, आणि भोरातली मॅट्रिक झालेली मी दीडशहाणी त्यांची मदतनीस. निबंधात सहकारी म्हणून नाव छापणार होते, त्यामुळे आमचे पाय जमिनीवर नव्हते. राजगडाखालच्या त्या वाडीत बारा जणांच्या बोटाचं रक्त तपासणीच्या काचांवर घ्यायचं होतं. खाचरांतला चिखल तुडवत पोहोचले, तर सुई बघून सगळे पांगले. एक बाई तेवढी पोराला पोटाशी धरून म्हणाली, "नगं टोचू बाय, तापानं आदीच अर्धा झालाय." मग आम्हा मदतनीस बाईसाहेबांनी काय करावं? ओढ्याकाठी बसून स्वतःचीच बोटं टोचली आणि बारा काचा भरल्या! निबंध छापून आला: त्या वाडीत हिवताप नाही. क्विनाईनच्या गोळ्या शेजारच्या गावांना गेल्या, आणि मी छापील नाव भोरभर मिरवलं. पुढे बाजारात तीच बाई भेटली. कडेवर पोर नव्हतं. "ताई, आमच्या वाडीला गोळ्या का न्हाई आल्या?" एवढंच विचारलं तिनं. परवा नातीनं तो निबंध चाळत कौतुकानं विचारलं, "आजी, यात तुझं काम कोणतं गं?" म्हटलं, "त्या वाडीतली बाराही माणसं मीच आहे."